हॉकीपटूंच्या स्वाक्षऱ्यांचा संग्रह: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

भारतात हॉकीपटूंच्या स्वाक्षऱ्या जमवणे हा आजही सामान्य माणसाच्या आवाक्यातला छंद आहे. नामांकित क्रिकेटपटूच्या आसपास फिरकणेही आता कठीण झाले आहे. मात्र देशासाठी खेळलेला हॉकीपटू आपल्या कार्यालयाच्या संघाकडून मुंबईत चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर खेळायला येतो आणि सामना संपल्यावर खांद्यावर किट बॅग अडकवून आपल्यासमोरूनच बाहेर पडतो. त्याला ओळखणारा आणि नीट तयारी करून आलेला माणूस तिथे असेल, तर सही बहुतेक वेळा मिळते. अडचण येते ती सही मिळवण्यात कमी आणि ती योग्य वस्तूवर, योग्य शाईने, योग्य वेळी घेण्यात व नंतर टिकवण्यात जास्त. नवख्या संग्राहकाला या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत.

१. आधी संग्रहाचा विषय ठरवा

दिसेल त्या खेळाडूची सही घेत सुटल्यास दोन वर्षांनी हाती केवळ एक वही उरते आणि तिच्यातील निम्म्या सह्या कोणाच्या हे आठवत नाही. त्याऐवजी एखादा ठरावीक धागा धरावा. क्वालालंपूरला १९७५ चा विश्वचषक जिंकलेला अजितपाल सिंग यांचा संघ, मॉस्कोत १९८० चे सुवर्णपदक मिळवणारा वासुदेवन भास्करन यांचा संघ, किंवा टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलेले खेळाडू, असा कोणताही विषय चालतो. केवळ गोलरक्षकांच्या सह्यांचा संग्रहही सुंदर होऊ शकतो.

मराठी वाचकाने महाराष्ट्राचे हॉकीपटू हा विषय घ्यावा, असे मला मनापासून वाटते. खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळले. मुंबईकडे पाहिले तर मर्विन फर्नांडिस, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधील कर्णधार एम. एम. सोमय्या, जोकिम कार्व्हालो, विरेन रस्किन्हा, एड्रियन डिसूझा, युवराज आणि देविंदर वाल्मिकी अशी लांबलचक यादी तयार होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याच्या, तर आजच्या महिला संघातील वैष्णवी फाळके सातारा जिल्ह्यातील. एवढ्या नावांवर कित्येक वर्षांचे काम होते आणि त्यातील बरेचसे घराजवळच होते.

विषय ठरल्यावर त्या यादीतील ज्येष्ठ खेळाडूंकडे आधी वळावे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेत्या संघातील बलबीर सिंग सीनियर मे २०२० मध्ये गेले आणि त्याच संघातील केशव दत्त जुलै २०२१ मध्ये गेले. १९६४ च्या टोकियो सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार चरणजीत सिंग यांचे जानेवारी २०२२ मध्ये निधन झाले. आज खेळणाऱ्या खेळाडूची सही पुढच्या वर्षीही घेता येईल. १९७५ च्या संघातील खेळाडूंबाबत असा भरवसा धरून थांबू नये.

२. जवळ बाळगायचे साहित्य

पुढील वस्तू एका छोट्या पिशवीत कायम तयार ठेवाव्यात, कारण खेळाडू अचानक समोर येतो आणि पेन शोधायला वेळ मिळत नाही.

- बारीक टोकाचे परमनंट मार्कर, निळे आणि काळे प्रत्येकी दोन. शार्पी किंवा तत्सम कोणताही चांगला मार्कर चालेल.
- गडद पृष्ठभागासाठी रुपेरी आणि पांढरा पेंट मार्कर.
- कागद आणि पहिल्या दिवसाच्या टपाल आवरणांसाठी (नवे तिकीट लावून ते निघाल्याच्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटे) साधे, चांगले चालणारे निळे बॉलपेन.
- टेकू म्हणून क्लिपबोर्ड किंवा जाड पुठ्ठा.
- छायाचित्रे वाकू नयेत म्हणून कडक फोल्डर.
- स्वच्छ सुती रुमाल.
- संघाची यादी, शक्यतो खेळाडूंच्या जर्सी क्रमांकासह.
- नोंदवही आणि पेन्सिल.

रुमालाची गरज बाहेरच्याला लवकर कळत नाही. हॉकीचे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, सामन्यापूर्वी पाण्याने भिजवलेले असते. खेळाडूचे हात, मोजे, किट बॅग सगळे ओलसर असते आणि वर घाम असतोच. तसाच हात छायाचित्रावर टेकला, तर सही होण्याआधीच त्यावर डाग पडतो. म्हणून आधी रुमाल पुढे करावा आणि मग पेन, टोपण काढून, टोक आपल्याकडे ठेवून द्यावे. पेंट मार्कर घरूनच हलवून आणि कागदावर चालवून न्यावा. तो खेळाडूच्या हातात पहिल्यांदा दाबला गेला, तर रंगाचा थेंब नेमका चेहऱ्यावर पडतो.

यादीतील जर्सी क्रमांकही उपयोगी पडतो. हेल्मेट, मास्क किंवा ओले केस यांमुळे चेहरे ओळखू येत नाहीत, पण पाठीवरचा आकडा दिसतो. भारतीय संघात मनप्रीत सिंगचा ७, हार्दिक सिंगचा ८, हरमनप्रीत सिंगचा १३ हे क्रमांक हॉकीप्रेमींना पाठ असतात. गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांचा १६ क्रमांक तर त्यांच्या निवृत्तीनंतर वरिष्ठ संघात कोणालाही न देण्याचा निर्णय झाला.

३. सही कशावर घ्यावी

नव्या संग्राहकाने छायाचित्रापासून सुरुवात करावी. ते स्वस्त असते, नेण्यास सोपे असते आणि खेळाडूलाही स्वतःचे छायाचित्र पाहून आनंद होतो. मॅट कागदावर छापून घ्यावे. चकचकीत कागदावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि बोट लागताच पुसली जाते. तसा कागद वापरावाच लागला, तर आदल्या दिवशी त्यावर किंचित टाल्कम पावडर घासून ती मऊ फडक्याने पूर्ण पुसून टाकावी. छायाचित्र निवडताना सहीसाठी फिकट जागा आहे का, हे पाहावे. निळे टर्फ पसरलेले छायाचित्र दिसायला सुंदर असते, पण त्यावर निळी किंवा काळी शाई बुडून जाते. तिथे रुपेरी मार्करच हवा.

चेंडू अनेकांना प्रथम सुचतो. स्पर्धेत वापरला जाणारा हॉकीचा चेंडू बहुधा खळगे असलेला असतो आणि त्या खळग्यांत शाई साचून अक्षरे तुटक दिसतात. सहीसाठी गुळगुळीत पृष्ठभागाचा पांढरा चेंडू वेगळा विकत घ्यावा. साध्या मार्करची शाई प्लॅस्टिकमध्ये काळानुसार पसरू शकते, म्हणून काळा किंवा निळा पेंट मार्कर बरा. सही झाल्यावर चेंडू काही मिनिटे हातातच धरून वाळू द्यावा. एका चेंडूवर तीन-चार सह्यांपेक्षा अधिक घेऊ नयेत.

स्टिक ही माझ्या मते या छंदातील सर्वांत देखणी वस्तू आहे, आणि सर्वांत गैरसोयीचीही. ती साडेछत्तीस-सदतीस इंच लांब असते आणि सुरक्षारक्षक ती प्रेक्षागृहात नेऊ देतीलच असे नाही, त्यामुळे स्टिक न्यायची तर आयोजकांना आधी विचारावे. आजच्या स्टिक कार्बन आणि काचतंतूंच्या असतात व त्यांवर गुळगुळीत लेप असतो. दांड्यावरील एकरंगी भाग निवडून तो कोरड्या फडक्याने पुसावा आणि पेंट मार्करने सही घ्यावी. ग्रिपवर सही घेऊ नये. ती टिकत नाही. ज्येष्ठ खेळाडूंना मात्र तुतीच्या लाकडाची जुनी स्टिक दाखवली, की त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो: ते ती आधी हातात तोलून पाहतात, मनगट फिरवतात आणि मगच पेन घेतात. अशा स्टिकवरचे व्हार्निश गेले असेल, तर शाई लाकडाच्या रेषांतून पसरते. व्हार्निश शाबूत असलेली जागाच दाखवावी.

जर्सीवर सही घेताना आत जाड पुठ्ठा सरकवून कापड ताणून धरावे आणि पाठीवरील छापील क्रमांकावर सही मागावी. कापडापेक्षा तिथे ती स्वच्छ उमटते. सही झालेली जर्सी नंतर धुऊ नये.

टपाल तिकिटांचा छंद असलेल्यांसाठी एक खास वाट आहे. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेतील भारताच्या हॉकी विजयानिमित्त १९६६ मध्ये तिकीट निघाले होते आणि मेजर ध्यानचंद यांच्यावर १९८० मध्ये. ध्यानचंद यांच्या पहिल्या दिवसाच्या आवरणावर त्यांचे पुत्र अशोक कुमार यांची सही घेण्याची कल्पना मला फार आवडते, कारण १९७५ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल त्यांचाच होता. जुनी आवरणे तिकीट विक्रेत्यांकडे आणि टपाल तिकिटांच्या प्रदर्शनांत मिळतात.

येथे तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. तिरंग्यावर सही कधीही मागू नये; राष्ट्रध्वजावर कोणताही मजकूर लिहिण्यास ध्वजसंहितेनुसार मनाई आहे, आणि विजयाच्या भरात अनेक उत्साही चाहते नेमके हेच करतात. चलनी नोटेवरही सही घेऊ नये. आणि कोरा कागद पुढे करू नये, कारण कोऱ्या कागदावरील सहीच्या वर नंतर कोणी काहीही लिहू शकतो, त्यामुळे जाणता खेळाडू अशा वेळी मागे सरतो. कागद वापरायचा असेल तर त्यावर खेळाडूचे नाव आणि स्पर्धा आधी छापून न्यावी.

४. खेळाडू कोठे भेटतात

नवख्याची पहिली धाव भारतीय संघाच्या शिबिराकडे असते. ते बहुधा बंगळूरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात असते आणि तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. फाटकाबाहेर ताटकळण्यापेक्षा देशांतर्गत स्पर्धा गाठाव्यात. मुंबईतील बॉम्बे गोल्ड कप, १८९६ पासूनचा इतिहास असलेली आगा खान स्पर्धा, कोलकात्याचा १८९५ मध्ये सुरू झालेला बायटन कप, जालंधरची सुरजित स्मृती स्पर्धा आणि दरवर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धा ही खरी ठिकाणे. पुणे परिसरात पिंपरीच्या नेहरूनगरमधील मेजर ध्यानचंद स्टेडियमवर राष्ट्रीय स्तराचे सामने झाले आहेत. रेल्वे, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, लष्कर, नौदल, पंजाब पोलीस अशा संघांकडून खेळणारे खेळाडू तिथे मोकळेपणाने भेटतात, आणि प्रेक्षागृहात त्यांचा खेळ पाहायला आलेले माजी ऑलिम्पिकपटू तर चहा पिता पिता बोलायलाही तयार असतात.

२०१७ नंतर खंडित झालेली हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. परदेशी खेळाडूंच्या सह्यांसाठी ती सर्वांत सोयीची, कारण एरवी ज्यांच्यासाठी युरोपला जावे लागेल ते खेळाडू तिथे भारतीय संघांतून खेळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी भुवनेश्वरचे कलिंग आणि राउरकेलाचे बिरसा मुंडा स्टेडियम ही मुख्य ठिकाणे आहेत. राउरकेलाचे स्टेडियम वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचे असल्याने तिथे गर्दीत सही मिळवणे कठीण जाते. प्रवासाची सांगड सराव सत्राशी घालता आली तर पाहावी.

५. वेळ आणि मागण्याची रीत

सामन्यापूर्वी खेळाडूला अडवू नये. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांमधील विश्रांतीत तर राखीव खेळाडूलाही हाक मारू नये. तो कोणत्याही क्षणी मैदानात जाणार असतो. योग्य वेळ सामन्यानंतरची. हस्तांदोलन, अंग सैल करण्याचे व्यायाम आणि प्रशिक्षकांचे बोलणे आटोपले, की खेळाडू सुटे सुटे बाहेर पडतात. संघाच्या बसजवळ, पण बसच्या दाराची वाट न अडवता उभे राहावे. संघ हरला असेल तर चेहरे पाहून निर्णय घ्यावा. स्पर्धा आठवडाभर चालते. दुसऱ्या दिवशी तोच खेळाडू इतरांचा सामना पाहायला येतो आणि तेव्हा निवांत असतो.

बोलताना खेळाडू कोण आहे हे आपल्याला ठाऊक असल्याचे पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे. "सर, सोलच्या संघातले आपले हे छायाचित्र आणले आहे, यावर सही कराल का?" एवढे पुरे. ज्येष्ठांना सर, महिला खेळाडूंना ताई किंवा मॅडम, पंजाबी खेळाडूंना पाजी ही संबोधने मैदानावर सहज चालतात. एका वेळी एक, फार तर दोन वस्तू पुढे कराव्यात. एकाच खेळाडूची दहा छायाचित्रे पुढे केली, की तो आपल्याला विक्रेता समजतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

सहीसोबत जर्सी क्रमांक किंवा ऑलिम्पिकचे वर्ष लिहून देण्याची विनंती अवश्य करावी. घाईतल्या वळणदार सहीत नाव वाचता येत नाही, पण शेजारी १३ किंवा १९८० लिहिलेले असले, की तिची ओळख कायमची पक्की होते.

हॉटेलच्या मार्गिकेत किंवा खोलीच्या दाराशी जाऊ नये, आणि महिला खेळाडूंच्या बाबतीत हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा. सबज्युनियर आणि ज्युनियर स्पर्धांतील अल्पवयीन खेळाडूंकडे प्रशिक्षक किंवा व्यवस्थापकांमार्फतच जावे. कोणाचाही खासगी फोन क्रमांक मागू नये.

६. टपालाने सही मागवणे

हॉकीत टपालाचा मार्ग आजही चालतो, आणि त्याचे कारण या खेळाच्या रचनेत आहे. बहुतेक राष्ट्रीय खेळाडू कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक उपक्रमात, रेल्वेत, पोलीस दलात किंवा सैन्यदलात नोकरीला असतात. त्यामुळे घरचा पत्ता शोधण्याची गरज नसते, आणि तो शोधूही नये. खेळाडूच्या नावाखाली 'क्रीडा विभाग' असे लिहून त्याच्या कार्यालयाच्या जाहीर पत्त्यावर पत्र पाठवावे.

पाकिटात पुढील गोष्टी असाव्यात:

- हाताने लिहिलेले, एका पानाचे पत्र. खेळाडूच्या भाषेप्रमाणे हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावे आणि त्याच्या एखाद्या सामन्याचा नेमका उल्लेख करावा.
- एक किंवा दोन छायाचित्रे, दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आधार देऊन.
- आपला पत्ता लिहिलेले आणि पुरेशी तिकिटे लावलेले परतीचे पाकीट.

परतीच्या पाकिटात छायाचित्र आणि पुठ्ठा घडी न घालता मावला पाहिजे, आणि तिकिटे टपाल कार्यालयात भरलेल्या पाकिटाचे वजन करूनच लावावीत. नवखे संग्राहक साध्या पत्राचे तिकीट लावतात आणि सही झालेले छायाचित्र कमी मुद्रांकामुळे अडकून पडते. नोंदणी टपालाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असल्याने जाणारे पाकीट स्पीड पोस्टने पाठवावे, म्हणजे ते पोहोचल्याचे कळते. पुन्हा न मिळणारी वस्तू मात्र टपालाने कधीही पाठवू नये. उत्तर यायला अनेक महिने लागू शकतात, कारण खेळाडू शिबिरात आणि दौऱ्यांवर असतो व पत्र कार्यालयातील टेबलावर पडून राहते. आठवण करून देणारी पत्रे पाठवू नयेत.

७. त्याच दिवशी नोंद करा

या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून ती मी आग्रहाने सांगतो. घरी पोहोचताच खेळाडूचे नाव, तारीख, मैदान, स्पर्धा, वस्तू, पेनाचा प्रकार आणि सही प्रत्यक्ष घेतली की टपालाने आली, हे नोंदवहीत लिहावे. शक्य असल्यास सही करतानाचे छायाचित्र परवानगी घेऊन काढावे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तो छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने लिहावा. मागून बॉलपेन दाबून लिहिले तर त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. भारतीय हॉकीतील सह्यांचे तुलनात्मक नमुने सहज मिळत नाहीत, त्यामुळे अशी नीट ठेवलेली वही पुढे इतर संग्राहकांनाही उपयोगी पडते.

८. जतन

सहीचे शत्रू दोन: ऊन आणि ओल. मार्करची शाई थेट उन्हात काही वर्षांत फिकी पडते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर फ्रेम लावू नये. फ्रेम करताना काच आणि छायाचित्र यांच्यात पुठ्ठ्याची चौकट ठेवून अंतर राखावे, नाहीतर दमट हवेत छायाचित्र काचेला चिकटते आणि सोडवताना सही निघून येते. अल्बमसाठी पीव्हीसी नसलेले, पॉलिप्रॉपिलिनचे कप्पे घ्यावेत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या वेळोवेळी बदलाव्यात. लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेने शाई बिघडते आणि ते पुन्हा काढता येत नाही.

९. विकत घेताना

दिवंगत खेळाडूंच्या सह्या विकतच घ्याव्या लागतात, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. ध्यानचंद यांचे निधन डिसेंबर १९७९ मध्ये झाले. त्यांची सही सर्वांना हवी असते, म्हणून ती बनावट असण्याची शक्यताही सर्वाधिक. पहिल्या एक-दोन वर्षांत नव्या संग्राहकाने या वाटेला जाऊच नये.

तरीही घ्यायचे ठरल्यास काही गोष्टी स्वतः तपासता येतात. भिंगाखाली छापील सही बारीक ठिपक्यांची दिसते. खऱ्या शाईत मात्र रेषा एकमेकींना छेदतात तिथे गडदपणा दिसतो आणि हाताचा वेग कमी-जास्त झाल्याच्या खुणा आढळतात. नक्कल करणाऱ्याची रेषा सावकाश आणि थरथरती असते. लेखणीच्या काळाकडेही पाहावे. बॉलपेन बाजारात रुळले ते १९४५ नंतर आणि शार्पी मार्कर आला १९६४ मध्ये. म्हणजे १९३६ च्या बर्लिन संघातील ध्यानचंद आणि खडकीचे बाबू निमल यांच्या सह्या त्याच स्पर्धेच्या वेळी घेतल्या असे सांगून बॉलपेनने लिहिलेले पान कोणी दाखवत असेल, तर तो दावा खोटा आहे. खेळाडूने उतारवयात बॉलपेनने सही केली असू शकते, पण मग विक्रेत्याची कथाही तशीच असायला हवी. सोबतच्या प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या जाणकारीएवढीच असते, आणि अनेकदा ते विक्रेत्यानेच छापलेले असते. म्हणून प्रमाणपत्र बाजूला ठेवून सही कोणी, कधी, कुठे घेतली आणि मधल्या काळात ती कोणाकडे होती, हे विचारावे. त्या काळातील एखादे पत्र, कार्यक्रमपत्रिका किंवा छायाचित्र सोबत असेल तर ते पाहावे. यांपैकी काहीच मिळाले नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार करू नये.